एकादशीचा बटाटा

आमच्या घरात आषाढी एकादशीला दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी टीव्हीवर पंढरपूरची महापूजा आणि दुपारी आजीच्या पद्धतीचा बटाट्याचा कीस. बाकी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे गोड काप असं सगळं असतंच. ('एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली तो बहुतेक आमच्याकडेच जेवून गेला असणार.) पण ताटातला राजा म्हणजे कीस. मी इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होतो तेव्हा आषाढीला घराची आठवण यायची ती विठ्ठलामुळे नाही, कीसामुळे. खोटं कशाला बोला?

२०२५ साली आषाढी ६ जुलैला, म्हणजे रविवारी आली. लग्नानंतरची आमची ही पहिलीच आषाढी. बायको लखनौची. आजीचं वय ब्याऐंशी, हात थरथरतात, किसणी धरवत नाही. त्यामुळे या वेळी कीस आम्ही दोघांनी करायचा असं ठरलं. आजी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून सूचना द्यायला बसली, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर आजी आणि डेव्हलपर आम्ही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मी दीड किलो बटाटे किसले. बायकोने तुपात जिरं-मिरचीची फोडणी केली. मग मी नेहमीच्या डब्यातलं मीठ टाकायला गेलो, तर बायको म्हणाली, "अरे, उपवासाला हे मीठ? सेंधा नमक नाही का घरात?" तिच्या माहेरी व्रताला फक्त सैंधव चालतं. आजी म्हणाली, "आमच्याकडे हेच चालतं गं." ठीक. इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पाच मिनिटांनी मी ताटं घेत होतो तेवढ्यात बायकोने कढईतल्या कीसावर मस्त हिरवीगार कोथिंबीर भुरभुरली.

आजीने ताट बाजूला सरकवलं. रागावली वगैरे नाही. फक्त म्हणाली, "मला आता भूक नाही. केळं दे एक."

तिच्याकडे कोथिंबीर चालते. आमच्याकडे चालत नाही. आमच्याकडे साधं मीठ चालतं, तिच्याकडे त्याने व्रत मोडतं. दोन्ही टीम म्हणतायत की आमच्या मशीनवर व्यवस्थित चालतं, आणि मध्ये मी!

बायको म्हणाली, "आजी, सॉरी, मला माहीत नव्हतं." आजी म्हणाली, "असू दे गं. पण आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय." आणि इथे मी माती खाल्ली. बायकोची बाजू घ्यायच्या नादात मी आजीला म्हणालो, "आजी, कसल्या पिढ्यान्‌पिढ्या? बटाटा पेरू देशातला, मिरची मेक्सिकोतली, शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. तुझा अख्खा उपवास परदेशी आहे!"

मला वाटलं सगळे हसतील. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी साठ वर्षं चुकीचं केलं का रे?"

हा प्रश्न मला फार लागला. कारण मी बोललो ते खरं होतं, पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. म्हणून पुढचे दोन-तीन वीकेंड वाचनात घातले. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतोय.

बटाट्याचा प्रवास

बटाट्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या लोकांनी सात-आठ हजार वर्षांपूर्वी रानटी बटाटा माणसाळवला. हे लोक रात्रीच्या थंडीत बटाटे गोठवायचे, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचे आणि उन्हात वाळवायचे. त्याला 'चुन्यो' म्हणतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या गच्चीवरच्या बटाट्याच्या वाळवणाचा हा थोरला भाऊच म्हणा ना.

१५३२ साली स्पॅनिश लोक इंका साम्राज्यात घुसले आणि १५७० च्या आसपास बटाटा युरोपात पोचला. तिथे त्याचं स्वागत काही बरं झालं नाही. जमिनीखाली वाढणारी, बायबलात उल्लेख नसलेली ही गोष्ट खावी की नाही यावर लोकांचा बराच संशय होता. रशियातले काही कर्मठ ख्रिस्ती तर त्याला सैतानाचं सफरचंद म्हणायचे. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला १७५६ साली बटाटे लावा म्हणून सरकारी फर्मान काढावं लागलं.

आता गंमत बघा. तिकडे धर्माच्या नावाने बटाट्याला विरोध झाला. आपल्याकडे त्याला थेट देवाच्या उपवासात जागा मिळाली. असं का झालं, त्याकडे येतोच. आधी नावाचा घोळ निस्तरू.

नावांची अदलाबदल

'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बटाटा'वरून आला, हे बहुतेकांना माहीत असतं. पाव, काजू, अननस, साबण, चावी, घमेलं, हापूस हे त्याच बोटीतून उतरलेले शब्द. (आणि पगारसुद्धा! महिनाअखेरीला आपण ज्याची वाट बघतो तो शब्द पोर्तुगीज आहे.) पण पोर्तुगीजांनी तो घेतला कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेतून, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ बटाटा नाही, रताळं! बटाट्याला अँडीजमधल्या केचुआ भाषेत 'पापा' म्हणतात. युरोपात दोन्ही कंद पोचल्यावर नावांची सरमिसळ झाली आणि रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं.

मग आपण रताळ्याला काय म्हणतो? 'रताळं'. म्हणजे संस्कृत 'रक्तालु', तांबडा कंद. 'आलु' किंवा 'आलुक' हा जुना शब्द इथल्या निरनिराळ्या कंदांसाठी वापरात होता. म्हणजे अमेरिकेतून आलेल्या रताळ्याला जुनं संस्कृत नाव मिळालं आणि रताळ्याचं मूळ अमेरिकन नाव बटाट्याकडे गेलं. उत्तरेत तोच 'आलु' बटाट्यावर बसला आणि त्याचा झाला 'आलू'. मराठीत 'अळू' म्हटलं की फतफतं आणि वड्या आठवतात, बटाटा नाही. माझ्या लखनवी बायकोने मंडईत 'आलू' मागितलं असतं तर भाजीवाल्या मावशींनी पानांची जुडी हातात ठेवली असती. :-)

या घोळामुळे इतिहासकारांचीही पंचाईत होते. सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीर बादशहाच्या दरबारी आला होता (१६१५ ते १६१९). त्याचा पाद्री एडवर्ड टेरी याने आसफखानाने दिलेल्या मेजवानीचं वर्णन केलंय आणि त्यात 'पोटॅटो' आहेत. झालं, भारतात जहांगिराच्या काळी बटाटा होता! पण त्या काळच्या इंग्रजीत पोटॅटो म्हणजे बऱ्याचदा रताळं असायचं. त्यामुळे आसफखानाच्या ताटात नेमकं काय होतं हे तोच जाणे.

पुण्यात बटाटा

म्हणजे शब्द पोर्तुगीजांनी आणला. पण पीक म्हणून बटाटा आपल्याकडे पसरला तो इंग्रजांच्या काळात. एकोणिसाव्या शतकात जिथे जिथे साहेबाने थंड हवेचं ठाणं वसवलं तिथे तिथे बटाट्याचे वाफे दिसू लागले. आपल्या जवळचं उदाहरण महाबळेश्वर. गव्हर्नर जॉन मालकमच्या काळात, १८२९ च्या सुमारास तिथे वस्ती उभी राहिली. पुढे १८३४ मध्ये तिथे तुरुंग झाला आणि त्यात मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी कैदी होते. या कैद्यांनी रस्ते बांधले आणि विलायती भाज्या आणि बटाट्याचे मळेही फुलवले. म्हणजे पेरूचा कंद, पोर्तुगीज नाव, इंग्रज मालक, चिनी माळी आणि सह्याद्रीची माती. याहून ग्लोबल टीम आमच्या हिंजवडीतही नाही.

१८८५ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरचा खंड निघाला, तोवर खेड आणि जुन्नर भागात बटाटा हे चांगलं रुळलेलं पीक होतं. आजही नाशिक रस्त्याने मंचरकडे जाताना कुणाला तरी विचारा, आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पावसाच्या सुरुवातीला लावायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढायचा. बियाणं पंजाबातून मंचरच्या बाजारात येतं.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बटाटा बियांपासून नाही, बटाट्यापासूनच लावतात. म्हणजे प्रत्येक पीक हे आधीच्याची कॉपी. मैदानी, उष्ण भागात माव्यासारखे किडे एका झाडावरचे विषाणू दुसऱ्यावर नेतात, ते कॉपीबरोबर पुढे जातात आणि काही वर्षांत उत्पन्न घसरतं. म्हणून निरोगी बियाणं डोंगरातून आणावं लागायचं, आणि ते महाग पडायचं. १९४९ मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली, १९५६ मध्ये ती सिमल्याला गेली. मैदानात मावा कमी असतो त्या थंडीच्या ठराविक आठवड्यांत बियाणं तयार करायचं आणि मावा वाढायच्या आत झाडाचा पाला कापून टाकायचा, अशी पद्धत या संस्थेने १९६० च्या दशकात बसवली. १९६८ मध्ये 'कुफरी ज्योती' आणि 'कुफरी चंद्रमुखी' या जाती आल्या. (कुफरी हे सिमल्याजवळचं गाव.) जोडीला शीतगृहं वाढली. आज बटाट्याच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला नंबर आहे.

थोडक्यात काय, बटाटा भारतात येऊन शतकं झाली असतील, पण तो बारा महिने, स्वस्तात, कुठल्याही घरात मिळणं ही १९६०-७० नंतरची गोष्ट आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उपवासाचा नियम

आता आजीचा प्रश्न. चुकीचं केलं का?

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराच्या तोंडी एक यादी आहे, ती पुढे व्रतांबद्दलच्या धर्मग्रंथांतही येत राहते. कोणत्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, तर पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. म्हामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांवर शेकडो पानं आहेत, ज्याला हौस असेल त्याने जरूर चाळावीत.

या यादीत बटाटा नाही. पण साबुदाणा नाही तसंच सुरणही नाही. यादीत पदार्थांची नावंच नाहीत, प्रकार आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा इंटरफेस आहे, इम्प्लिमेंटेशन नाही. 'मूळ' असं लिहिलंय, कुठलं ते नाही लिहिलं. त्यामुळे जेव्हा जमिनीखालून निघणारा, धान्य नसलेला, पोटभरीचा एक नवा कंद आला, तेव्हा तो या खोबणीत अलगद बसला. (वनस्पतिशास्त्राप्रमाणे बटाटा मूळ नाही, खोड आहे. रताळं हे खरं मूळ. पण हे आजीला सांगायची माझी हिंमत नाही.)

बाकीच्यांचंही तसंच. साबुदाणा मूळचा मलायाकडच्या सागो ताडाच्या गाभ्यातला. आपण आज खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, तोही दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूत सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४० च्या दशकात, महायुद्धामुळे मलायाहून येणारा माल बंद पडला तेव्हा. शेंगदाण्यालाही आपण आपल्या मुगाचं नाव देऊन 'भुईमूग' केलं आणि मिरचीला मिऱ्याचं. राजगिऱ्याच्या दाण्यासाठी लावतात त्या जातीही अमेरिकेतल्याच.

याच्या उलट वांगं बघा. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि वांगं ही सगळी एकाच कुळातली भावंडं. त्यातलं वांगं तेवढं आपल्या भागातलं. पण चातुर्मास लागला की वांगं बंद, त्यासाठी आदल्या नवमीला आपण कांदेनवमी करून कांदा-वांगी हाणून घेतो. घरचा बाहेर आणि पाहुणा पाटावर! यात लॉजिक शोधायला गेलात तर डोकं फिरेल. नियमाचा सांगाडा जुना, त्यात काय बसवायचं ते मात्र त्या त्या गावाने, त्या त्या घराने, बाजारात काय मिळतं ते बघून ठरवलं. लखनौच्या घराने सैंधव ठरवलं, आमच्या घराने नाही. तिथे कोथिंबीर 'पत्ता' म्हणून आत आली, इथे बाहेर राहिली.

म्हणजे आजी चुकली नव्हती. चुकलो मी. वस्तू बाहेरून आली म्हणून परंपरा खोटी, हा माझा निष्कर्ष कच्चा होता.

आजीचा जबाब

हे सगळं घेऊन एका रविवारी संध्याकाळी आजीजवळ बसलो. या वेळी भाषण दिलं नाही, नुसतं विचारलं, "आजी, तू लहान असताना एकादशीला काय असायचं गं?"

आजीचं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. ती लगेच सुरू झाली. वरीचे तांदूळ. उकडलेली रताळी. कणगी, करांदे, कोनफळ. खोवलेलं ओलं खोबरं आणि घरची केळी. "आणि बटाट्याचा कीस?" मी विचारलं.

"बटाटे कुठले रे तेव्हा आमच्याकडे? मुंबईहून कुणी आलं तर आणायचं. कीस मी इथे पुण्यात आल्यावर पहिल्यांदा पाहिला. त्रेसष्ट साली, लग्नानंतर. सासूबाई करायच्या."

"आणि त्यांना कुणी शिकवला?"

आजी थोडी थांबली आणि मग तिलाच हसू आलं. "वाड्यात शेजारी एक काकू होत्या, त्यांच्याकडून उचलला म्हणायच्या. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंना तो अजिबात पसंत नव्हता. म्हणायच्या, हे कसलं साहेबी खाणं उपवासाला!"

म्हणजे आमच्या घराण्याच्या 'पिढ्यान्‌पिढ्या' मोजून दोन निघाल्या. त्याआधी एक नवी सून, एक शेजारीण आणि एक नाराज सासू. गोष्ट तीच, फक्त तेव्हा भांडण कोथिंबिरीवरून नव्हतं, खुद्द बटाट्यावरून होतं.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. आजीने तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुमच्याकडे एकादशीला बटाटा कसा करतात गं?" तिने सांगितलं. उकडलेले बटाटे, तूप, जिरं, काळी मिरी, सैंधव, वरून दही. आजीने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तो कर. मी कीस सांगते, तू तो कर."

त्यानंतर आमच्याकडे एकादशीला दोन्ही होतात. मीठ सैंधव असतं. कारण आजी म्हणते की तिचा उपवास त्याने मोडत नाही आणि पोरीचा दुसऱ्याने मोडतो, मग भांडायचं कशाला. कोथिंबीर वेगळ्या वाटीत असते. आजी अजून ती घेत नाही. तिने घ्यावी असं आम्हीही म्हणत नाही.

ता. क. : कृती सांगितली नाही तर आजी रागावेल. बटाटे सोलून जाड किसणीने थेट पाण्यातच किसायचे, म्हणजे काळे पडत नाहीत. दोनदा पाणी बदलून स्टार्च जाऊ द्यायचा आणि कीस घट्ट पिळून घ्यायचा. लोखंडी कढईत सढळ हाताने तूप, जिरं, हिरव्या मिरचीचे तुकडे. कीस टाकून एकदाच परतायचा आणि झाकण न ठेवता मंद आचेवर सोडून द्यायचा. सारखा ढवळला की लगदा झालाच समजा. शिजत आल्यावर मीठ, चिमूटभर साखर, शेवटी दाण्याचं कूट आणि लिंबू. जुलैत शीतगृहातला बटाटा मिळतो. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, त्यामुळे तो पटकन लाल होतो. तेव्हा साखर घालू नका. मीठ आणि कोथिंबिरीचं तुमच्या घरी विचारा.